पत्र्याचे काम कोठे शिकावे?

मंडळी, आपल्या गावापर्यंत डांबरी सडक आली. सडकेवरून मोटारी आल्या. मोटारी आल्या म्हणजे ठोकरही आली. कोणाच्या गाडीचा दरवाजा चेपतो. कोणाचा पुढचा भाग आत बसतो. कोणाच्या ट्रॅक्टरचा मडगार्ड वाकतो. असा चेपलेला पत्रा सरळ करणे, तुटलेला भाग जोडणे आणि त्यावर रंग चढवणे हा एक धंदा आहे. गॅरेजात त्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतात. सरकारी दप्तरात त्याला ऑटो बॉडी रिपेअर म्हणतात. आपण या धड्यात त्याला पत्र्याचे काम म्हणू.

हे काम ज्याला चांगले येते, त्याला रिकामे बसावे लागत नाही. म्हणून आईबाप आम्हाला विचारतात, "गुरुजी, पोराला हे काम शिकवायचंय. कुठं घालावा?"

प्रश्न साधा आहे. पण उत्तर चुकले तर वर्ष जाते, पैसा जातो आणि पोराचे मन मोडते. आम्ही एकदा हे उत्तर चुकलो आहोत. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

आमची चूक

2013 सालची गोष्ट. आमच्या शाळेतला एक मुलगा दहावी झाला. त्याचे वडील एक रंगीत पत्रक घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हते. पत्रक आमच्या हातात देऊन ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वाचा. तुम्ही हो म्हणाल तर हो."

पत्रक गुळगुळीत कागदाचे होते. वर चकचकीत मोटारीचे चित्र होते. "सरकारमान्य", "शंभर टक्के नोकरी", "जागा थोड्या" असे मोठ्या अक्षरांत छापले होते. आम्ही ते वाचले आणि हो म्हणालो.

त्या घराने दुभती म्हैस विकली. मुलगा शहरात गेला. आठ महिने वर्गात बसला. भिंतीवर यंत्रांची चित्रे होती. मास्तर चित्रे दाखवत आणि मुले वहीत उतरवून घेत. ठोकायला पत्रा नव्हता. शेवटी सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळाले.

ते घेऊन मुलगा एका गॅरेजात गेला. मालकाने कागद बाजूला ठेवला. चेपलेला एक दरवाजा पुढे टाकला आणि म्हणाला, "हा काढून दाखव." मुलाला हातोडी कशी धरावी हेही ठाऊक नव्हते. तो मान खाली घालून घरी आला. म्हैस काही परत आली नाही.

त्या बापाने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण चूक आमचीच होती. आम्ही पत्रक वाचले, पण शाळा पाहिली नाही. आणि पत्रक तरी कुठे नीट वाचले? "सरकारमान्य" म्हणजे कोणत्या कामासाठी मान्य, हे विचारले नाही. पुढे कळले की त्या संस्थेची नुसती नोंदणी झालेली होती. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. दुकानाचीही नोंदणी होते. म्हणून काही दुकान शाळा होत नाही.

छापलेले ते खरे, असे आपल्याला वाटते. आम्ही तर जन्मभर वाचत आलो, तरी फसलो. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते.

काम काय आहे ते समजून घ्या

बैल घ्यायचा तर बैलाची पारख हवी. तशी शाळा निवडायची तर त्या कामाची थोडी माहिती हवी.

तुम्ही तांबट पाहिला असेल. पुण्यात तांबट आळी आहे. तेथे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम चालते. आतून टेका द्यायचा, वरून बेताने ठोका द्यायचा. ठोका जास्त झाला तर पत्रा ताणतो आणि फुगतो. मोटारीच्या पत्र्याचेही तसेच आहे. एका हातात हातोडी असते. दुसऱ्या हातात लोखंडाचा घट्ट तुकडा असतो, त्याला डॉली म्हणतात. डॉली आतून धरायची आणि हातोडी वरून मारायची. मोटारीचा बाहेरचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्यावर कारखान्यात दिलेला रंगाचा सारा थर साधारण वहीच्या कागदाएवढा असतो. एवढ्या नाजूक कामाचा हात बसायला रोज ठोकावे लागते. पोहणे जसे वहीत शिकता येत नाही, तसे हे कामही वहीत शिकता येत नाही.

ज्याचा हात बसलेला नाही, तो काय करतो? खड्डा तसाच ठेवतो आणि वरून लांबी भरतो. लांबी म्हणजे पुट्टी. चांगला कारागीरही लांबी लावतो, पण पत्रा सरळ केल्यावर आणि अगदी पातळ. लांबी दोनतीन मिलिमीटरपेक्षा जाड झाली तर पुढे तडकते. फटीत पाणी शिरते आणि आत गंज धरतो. मग वरचा रंग कितीही चकचकीत असो, त्याचा उपयोग नाही.

याची परीक्षा सोपी आहे. एक छोटा लोहचुंबक घ्या. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून तो कागदात गुंडाळा आणि दुरुस्त केलेल्या जागेवर लावा. लांबी पातळ असेल तर चुंबक चिकटतो. जाड असेल तर घसरतो. मात्र एक ध्यानात ठेवा. प्लॅस्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या भागाला चुंबक चिकटतच नाही.

रंगाखाली जीव असतो

आता याहून मोठी गोष्ट. मालट्रकला खाली चॅसिस असते. ती गाडीची हाडे. बहुतेक लहान मोटारींना अशी वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हीच त्यांची हाडे. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम असा केलेला असतो की ठोकर बसली तर तो चुरगळावा. चुरगळताना तो धक्का गिळतो आणि आतली माणसे वाचतात. माणसे बसतात तो मधला भाग मात्र टणक असतो. तेथे जास्त ताकदीचे पोलाद वापरतात. असे पोलाद गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केले तर त्याची ताकद जाते. 2019 सालापासून नव्या मोटारीत चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली. तिला ठोकरीची खबर देणारी यंत्रे या सांगाड्यावरच बसवलेली असतात.

म्हणून सांगाडा वाकला तर नुसत्या नजरेने सरळ करून भागत नाही. तो मापाने सरळ करावा लागतो. त्यासाठी गाडी एका भक्कम चौकटीवर बांधतात, मापे घेतात आणि ओढून जागेवर आणतात. हे न करता वरून रंग दिला तर गाडी छान दिसते. पण पुढच्या ठोकरीला ती आतल्या लेकराबाळांना सांभाळीलच, याचा भरवसा उरत नाही. रंगाखाली काय आहे ते मालकाला दिसत नाही. ते कारागिराच्या शिक्षणावर आणि त्याच्या ईमानावर असते. असे हे जोखमीचे काम आहे. म्हणून ते कोठेही शिकून चालत नाही.

शिकणाऱ्याच्या स्वतःच्या जिवालाही यात धोका आहे. मोटारीचे पुष्कळ रंग दोन द्रव्ये मिसळून फवारतात. त्यांचा बारीक तुषार छातीत गेला तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. त्यासाठी नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात. त्यांत जीव घेईल एवढी वीज असते. ती बंद करण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने ती बंद केल्याशिवाय अशा गाडीला हात लावायचा नसतो. चांगली शाळा या गोष्टी पहिल्या आठवड्यातच शिकवते.

शिकण्याच्या वाटा

पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. तिलाच आपण आय.टी.आय. म्हणतो. भारत सरकारने 1950 साली कारागीर तयार करण्याची योजना सुरू केली. या संस्था त्या योजनेखाली चालतात. आपल्या राज्यात चारशेंहून अधिक सरकारी आय.टी.आय. आहेत. त्यांतील काही ठिकाणीच पत्र्याचे काम शिकवतात. हा अभ्यास एक वर्षाचा असतो आणि त्याला दहावी पास व्हावे लागते. मोटारीच्या रंगकामाचा अभ्यास वेगळा असतो. शेवटी सगळ्या देशात एकच परीक्षा होते. पास झालेल्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. सरकारी संस्थेची फी खाजगी वर्गाच्या मानाने पुष्कळ कमी असते. मुलींसाठीही राखीव जागा असतात. पत्र्याचे काम मुलींनी करू नये, असे कोठेही लिहिलेले नाही.

जवळच्या संस्थेत हा अभ्यास नसेल तर वेल्डर किंवा शीट मेटल वर्कर यांची चौकशी करावी. पत्रा कापणे, वाकवणे आणि जोडणे यांचा पाया तेथेही पडतो.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. यासाठी 1961 सालचा कायदा आहे. कारखान्यात किंवा मोठ्या गॅरेजात ठराविक मुदतीसाठी शिकायचे. शिकताना दरमहा विद्यावेतन मिळते. आय.टी.आय. झाल्यावर ही वाट धरली तर सोन्याहून पिवळे.

तिसरी वाट उस्तादाच्या हाताखाली राहण्याची. आपले पुष्कळ चांगले कारागीर याच वाटेने तयार झाले. हात चांगला बसतो. पण उस्ताद जेवढे जाणतो तेवढेच मिळते, आणि हातात कागद येत नाही.

चौथी वाट खाजगी वर्गाची. सगळे खाजगी वर्ग वाईट नसतात आणि सगळे सरकारी चांगले नसतात. म्हणून डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. कसे पाहावे, ते दुसऱ्या गोष्टीत सांगतो.

बाई दोन शब्दांवर अडल्या

2022 साली आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एक बाई घरी आल्या. चाळिशीच्या आसपासच्या. वर्षभरात वाचायला शिकलेल्या. त्यांच्या हातात तसेच रंगीत पत्रक होते.

"गुरुजी, धाकट्याला घालायचाय. हे पत्रक मी सगळं वाचलं. पण दोन शब्द अडले."

"कोणते, ताई?"

"एक 'संलग्न'. आन् खाली बारीक अक्षरात हाय, 'अटी लागू'."

आम्ही गप्प झालो. नऊ वर्षांपूर्वी आम्ही ज्या शब्दांवर अडायला हवे होते, त्यांवरून आमची नजर सरकून गेली होती. या बाई अक्षर अक्षर लावून वाचत होत्या, म्हणून त्या अडल्या.

आम्ही सांगितले, "संलग्न म्हणजे जोडलेले. आपला अभ्यास अमुक मोठ्या संस्थेशी जोडलेला आहे, असं ते म्हणतात. कुठल्या, ते विचारायचं. आणि अटी लागू म्हणजे, वर नोकरीचं जे वचन दिलंय ते तसंच्या तसं धरू नका. त्याला अटी आहेत. त्या कागदावर मागायच्या."

"मग जाऊन विचारू की. तुम्ही येता का संगं?"

आम्ही गेलो. निघताना जुन्या रेडिओतला लोहचुंबक खिशात टाकला.

त्या वर्गाचे कार्यालय छान होते. खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, "मावशी, आज पाच हजार भरा. जागा धरून ठेवतो. उद्या मिळायची नाही."

बाई म्हणाल्या, "पैसं मागनं. आधी वर्कशॉप दावा."

वर्कशॉपमध्ये एक मोटार उभी होती. नवीकोरी. तिला एकही पोचा नव्हता. वेल्डिंगच्या यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण तसेच होते. बाईंनी विचारले, "पोरं ठोकत्यात कशावर?" उत्तर आले नाही. आम्ही मान्यतेचा कागद मागितला. कागद खरा होता, सरकारी क्रमांकही होता. पण मान्यता वीजतंत्रीच्या अभ्यासाला होती, पत्र्याच्या कामाला नव्हती. मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. मान्यता नुसती संस्थेला नसते. ती एकेका अभ्यासाला वेगवेगळी असते.

आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. दोन दिवसांनी जिल्ह्याच्या सरकारी आय.टी.आय.मध्ये गेलो. इमारत जुनी होती, भिंतींचा चुना उडाला होता. पण दारातूनच ठोक्यांचा आवाज ऐकू आला. कोपऱ्यात भंगारातून आणलेले चेपलेले दरवाजे रचून ठेवले होते. प्रत्येकावर खडूने नाव होते. ज्याचे नाव त्याने तो सरळ करायचा.

शिकवणाऱ्यांना तेथे शिल्प निदेशक म्हणतात. त्यांना विचारून आम्ही एका तयार दरवाजाला चुंबक लावला. एका जागी तो घसरला. निदेशक रागावले नाहीत. हसून म्हणाले, "बरोबर आहे, गुरुजी. इथं लांबी जास्त झालीय. उद्या तो पोरगा हे सगळं खरवडून परत करणार आहे." रंग फवारण्याची बंद खोली नादुरुस्त होती. तेही त्यांनी लपवले नाही. म्हणाले, "ती दुरुस्त होईपर्यंत आम्ही मुलांना रंगाचं काम पाहायला बाहेरच्या वर्कशॉपमध्ये नेतो."

परतताना एस.टी.त बाई म्हणाल्या, "तिकडं गाडी चकचकीत व्हती. हिकडं मास्तर खरा हाय."

आय.टी.आय.चा प्रवेश संगणकावरून होतो. अर्ज भरायला सरकारी आय.टी.आय.मध्येच मदत मिळाली. पहिल्या यादीत मुलाचे नाव आले नाही. घरात सगळे हिरमुसले. दुसऱ्या यादीत ते आले. वर्ष झाले, परीक्षा झाली. पुढे तो एका मोटार कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात शिकाऊ उमेदवार राहिला. आज तो कामाला आहे. प्रवेशाच्या कागदावर आईने सही केली, अंगठा नाही. सही करण्यापूर्वी त्या माऊलीने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मागे रांग लागली होती, तरी वाचला.

आणि तो पहिला मुलगा? तोही वाया गेला नाही. दोन वर्षे घरी बसला, मग तालुक्याला एका उस्तादाच्या हाताखाली राहिला. आज त्याचा हात चांगला आहे. पण ती वर्षे आणि ती म्हैस आमच्या नावावर लिहिलेली आहेत. म्हणूनच हा धडा लिहिला.

पैसे देण्यापूर्वी

1. शाळा स्वतः जाऊन पाहा. मुले काम करीत असताना पाहा, सुट्टीच्या दिवशी नव्हे.

2. मुले कशावर ठोकतात ते विचारा. दिवसातले किती तास हातात हत्यार असते, तेही विचारा.

3. मान्यतेचा कागद मागा. त्यावर याच अभ्यासाचे नाव आहे का ते वाचा. शंका आली तर जवळच्या सरकारी आय.टी.आय.त दाखवा.

4. रंगकामाचे मुखवटे, वेल्डिंगचे चष्मे आणि हातमोजे पाहा. ते वापरलेले दिसले पाहिजेत.

5. मागच्या वर्षी शिकून गेलेल्या दोघातिघा मुलांना भेटा. त्यांच्याएवढे खरे कोणी सांगणार नाही.

6. सगळा खर्च लिहून घ्या. फी, हत्यारे, गणवेश, परीक्षा, राहणे, जेवण. दिलेल्या पैशाची पावती घ्या. मध्ये सोडले तर किती पैसे परत मिळतील, तेही लिहून घ्या.

7. "आजच भरा" असे जो म्हणतो, त्याला "उद्या येतो" म्हणा आणि घरी या.

अभ्यास

(अ) उत्तरे द्या.
1. लेखकाने पहिल्या वेळी कोणती चूक केली?
2. नोंदणी आणि मान्यता यांत काय फरक आहे?
3. लांबी जाड झाली तर काय होते?
4. बाई कोणत्या दोन शब्दांवर अडल्या? त्यांचा अर्थ सांगा.

(आ) हे शब्द पाच वेळा लिहा : प्रशिक्षण, मान्यता, संलग्न, पावती, विद्यावेतन.

(इ) करून पाहा. घरात आलेले कोणतेही जाहिरातीचे पत्रक घ्या. त्यातली सगळ्यांत बारीक अक्षरे आधी वाचा. काय वाचले ते वर्गात सांगा.